गॅरेजात शिवलेली होडी



आम्ही कोकणातल्या एका खाडीकाठच्या गावातल्या गटाच्या नऊ जणी. बोलायला दोघी आलोय, पण बोलणं नऊ जणींचं आहे. काल रात्री काकींच्या ओटीवर बसून सगळ्यांनी मिळून हे लिहून काढलं.

आज आम्ही आमच्या होडीची गोष्ट सांगणार आहोत. लाकडी होडी, शिडावर चालणारी, बारा फूट लांब. ती आम्ही घरच्या गॅरेजात, आमच्या हातांनी बांधली. आणि ती बांधताना आमच्या गटातली एक जुनी चूकही आम्हाला दिसली. ती सांगायला जड जातं, तरी सांगणार आहोत.

आधी होडी का लागली ते ऐका.

आमच्या खाडीच्या तोंडाशी वाळूचा एक पट्टा आहे. ओहोटीला तो उघडा पडतो. तिथे तिसऱ्या मिळतात, शेजारच्या खडकांवर कालवं मिळतात. आमच्या आया, सासवा तिथेच जायच्या. पायी जाता येत नाही, होडी लागते. गटाकडे होडी नव्हती. मग भाड्याच्या इंजिनाच्या होडीने जायचं, आणि ती न्यायला येईल तेव्हा परतायचं.

तीन वर्षांपूर्वी एका पौर्णिमेला आम्ही सहा जणी पहाटे पट्ट्यावर उतरलो. उधाणाचे दिवस, त्यामुळे ओहोटी खूप लांबवर गेलेली. टोपल्या भरल्या. भरती लागली. होडी आठला यायची होती, पण तिचं इंजिन पलीकडच्या काठाला बंद पडलं. होडीवाला माणूस वाईट नव्हता, यंत्राने दगा दिला. पण पाणी काही थांबत नाही. आधी घोट्याला, मग गुडघ्याला, मग कमरेच्या वर. आम्ही टोपल्या सोडून दिल्या आणि एकमेकींचे हात धरून त्यातल्या त्यात उंच जागी उभ्या राहिलो. मासेमारी करून परतणाऱ्या एका छोट्या होडीने आम्हाला पाहिलं, आणि दोन खेपांत बाहेर काढलं.

पुढच्या बैठकीत एकच विषय होता. परतायची वेळ आपल्या हातात हवी.

नवी फायबरची होडी आणि इंजिन आमच्या ऐपतीबाहेरचं होतं. फळ्यांची पारंपरिक होडी बांधायची तर लाकूड महाग, आणि ते काम जाणणारे सुतार आमच्या भागात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. तेव्हा आमच्यातल्या एकीचे मामेसासरे पुढे आले. मुंबईच्या गोदीत सुतारकाम करून ते गावी परतले आहेत. आम्ही सगळ्या त्यांना मामा म्हणतो. मामा म्हणाले, "प्लायची होडी करू. तुम्हाला शिवणकाम येतं ना? मग झालं. ही होडी शिवायचीच असते."

काकी हसल्या. "होडी काय चोळी आसा, शिवूक?"

मामा काही हसले नाहीत. त्यांनी आम्हाला दोन गोष्टी सांगितल्या. पहिली विलायतेतली. १९६३ साली तिथल्या 'डेली मिरर' या वर्तमानपत्राने सामान्य माणसाला घरी बांधता येईल अशी एक छोटी शिडाची होडी काढली. तिचं नाव 'मिरर'. टीव्हीवर घरकाम शिकवणारे बॅरी बक्नेल आणि होड्यांचे आराखडे करणारे जॅक होल्ट या दोघांनी ती तयार केली. प्लायचे कापलेले तुकडे तांब्याच्या तारेने एकमेकांना टाचायचे, आणि सांध्यांवर काचेच्या धाग्यांची पट्टी राळेने चिकटवायची. लांबी जेमतेम अकरा फूट, शीड लाल. लोकांनी ती गॅरेजात, परसात, कुणी तर राहत्या खोलीत बांधली. अशा ७०,०००हून जास्त होड्या झाल्या.

दुसरी गोष्ट आपल्या किनाऱ्याची. खिळ्यांच्या आधी आपल्याकडे जहाजांच्या फळ्या काथ्याने शिवत. अजिंठ्याच्या लेण्यांत जहाजाचं एक चित्र आहे, पाचव्या शतकातलं. त्यावरून गोव्यात एक शिवलेलं जहाज बांधलं गेलं. केरळचे कारागीर बाबू शंकरन यांच्या हाताखाली त्याच्या फळ्या काथ्याच्या दोरीने शिवल्या. २०२५च्या मे महिन्यात कारवारला ते आपल्या नौदलात दाखल झालं. त्याचं नाव 'कौंडिण्य'.

काकी म्हणाल्या, "मगे शिवूया."

आता जागा. आमच्यातल्या एका वहिनींच्या पुतण्याने गावच्या घराशेजारी गाडीसाठी गॅरेज बांधलंय. गाडी मुंबईला असते. ती येते मे महिन्यात आणि गणपतीला. बाकी वर्षभर तिथे नारळ आणि शेणी. पुतण्याला फोन केला. तो म्हणाला, "वापरा, पण मे महिन्यात मला जागा मोकळी हवी." आम्ही कबूल केलं.

मैत्रिणींनो, कुणाला असं काही करायचं असेल तर पहिलं काम हे करा. दाराची रुंदी मोजा. आम्ही सुंभाने शटरची रुंदी मोजली, आठ फूट भरली. होडी मधोमध पाच फूट. आत बांधलेली वस्तू बाहेर काढता आली पाहिजे, हे मामांनी तीनदा बजावलं.

संक्रांतीनंतर काम सुरू झालं. रोज दुपारी तीन तास, पाळीपाळीने चार जणी.

प्लाय घेताना एक गोष्ट लक्षात ठेवा. घराच्या फर्निचरचा साधा प्लाय होडीला चालत नाही, पाण्यात त्याचे पदर सुटतात. आयएस ७१० असा शिक्का असलेला मरीन प्लाय लागतो. तरी आम्ही खात्री म्हणून दुकानातून एक तुकडा आणला आणि भाताच्या टोपात तासन्‌तास उकळला, सुकवला, पुन्हा उकळला. पदर सुटले नाहीत, मग सहा पाटे घेतले, ६ मिलिमीटर जाडीचे.

पाटा आठ फुटांचा आणि होडी बारा फुटांची. म्हणजे जोड आलाच. दोन पाट्यांच्या कडा रंध्याने उतरत्या करायच्या आणि एकावर एक चिकटवायच्या. उतार जाडीच्या आठपट, म्हणजे ६ मिलिमीटरला ४८ मिलिमीटर. नीट जमला तर जोड हाताला लागतही नाही.

मग बेतणं. हे आम्हाला कुणी शिकवायला लागलं नाही. आधी जुन्या वर्तमानपत्रांचे कागद चिकटवून पूर्ण मापाचे नमुने केले, जसे ब्लाउजचे करतो. नमुना पाट्यावर ठेवून आखायचं, एक बाजू कापली की तीच दुसऱ्या बाजूसाठी नमुना म्हणून वापरायची, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या होतात. तळाचे दोन तुकडे, बाजूंचे दोन, मागची सपाट फळी, मधले आडवे पडदे.

कडांना दर सहा इंचांवर भोक पाडलं. घरात वायरिंगला वापरतात ती तांब्याची तार सोलून घेतली, वीतभर तुकडे केले, भोकांतून ओवून पिळले. ज्या दुपारी सगळ्या तारा आवळल्या, त्या दुपारी जमिनीवर पडलेले सपाट तुकडे उठून उभे राहिले आणि त्यांची होडी झाली. नाळ वर आली, पोट फुगलं. आम्ही काही वेळ नुसत्या बघत राहिलो. शेजारच्या पोरांनी तर लगेच आत बसायला रांग लावली.

तेव्हाच एक तपासणी करायची असते. होडीवर पुढे आणि मागे एकेक सरळ काठी आडवी ठेवायची आणि मागे उभं राहून एका डोळ्याने बघायचं. दोन्ही काठ्या एका रेषेत दिसल्या पाहिजेत. होडी पिळलेली असेल तर तारा सैल करून आत्ताच सरळ करायची. राळ बसल्यावर तो पीळ कायमचा.

आता राळ. इपॉक्सी म्हणतात ती. दोन डबे येतात, एकात राळ, दुसऱ्यात ती कडक करणारं द्रव्य. डब्यावर लिहिलेल्या प्रमाणातच मिसळायचं. आमच्या डब्यावर वजनाने १०० ला ५० होतं. मापात चूक झाली तर सांधा कधीच धरत नाही, आणि "जरा जास्त घातलं की लवकर सुकेल" असंही होत नाही. मिसळलं की दोन-तीन मिनिटं तळापासून ढवळायचं. आमच्याकडच्या उकाड्यात खोल डब्यात ठेवलेलं मिश्रण वीस मिनिटांत तापून धुरायला लागतं, म्हणून पसरट ताटात ओतून घ्यायचं. हातमोजे घालायचेच. नुसत्या हातांनी काम केलं तर अंगावर खाजरं उठतं आणि ते पुन्हापुन्हा उठतं. घासताना तोंडाला मास्क.

सांध्यात भरायला या राळेत लाकडाचा बारीक भुसा मिसळतात. वखारीतून भुसा आणला, मैद्याच्या चाळणीने चाळला. घट्ट श्रीखंडाइतकं झालं की सांध्यात भरायचं, चमच्याच्या पाठीने गोलसर करायचं, आणि वर काचेच्या कापडाची पट्टी बसवून राळेने भिजवायची.

आणि इथे आमची चूक झाली.

आमच्यातल्या एकीने, ती आज आमच्यासोबत बसलीय आणि सांगायला तिची हरकत नाही, तळाच्या लांब सांध्यासाठी मिश्रण केलं. मोजताना घरून फोन आला, मुलाला ताप भरला होता. फोन ठेवून तिने पुढे काम केलं, पण कडक करणारं द्रव्य एका वाटीला कमी पडलं. दुसऱ्या दिवशी सांधा चिकट. तिला कळलं. तिने गुपचूप वरून चांगल्या मिश्रणाचा एक हात दिला. तो छान कडक झाला. वरून बघणाऱ्याला काही कळणार नव्हतं. त्यावर आम्ही पट्टीही बसवली.

तिसऱ्या रात्री ती काकींच्या दारात आली. म्हणाली, "मला झोप येत नाही. तो सांधा खोटा आहे."

सकाळी मामांनी पट्टीचं टोक उचकटून आत नख दाबलं. वर काच, खाली काकवी. ते एवढंच म्हणाले, "पाणी खोटा बोलणा नाय."

आम्हाला राग आला, हे कबूल करतो. अकरा दिवसांचं काम वाढलं. पट्टी सोलायची, राळ पटाशीने खरवडायची, थिनरने पुसायची, घासायची, पुन्हा भरायची. साधारण १,८०० रुपयांचा माल वाया गेला. एकीने विचारलंच, "अगं, त्याच दिवशी का नाही सांगितलंस?"

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मागच्या वर्षी हिशेबात तीनशे रुपये कमी आले तेव्हा तुम्ही मला तासभर उभं केलंत."

मैत्रिणींनो, ते खरं होतं. गटाच्या वहीत ३०० रुपयांचा फरक आला होता. त्या महिन्यात पैसे तिच्याकडे होते. आम्ही सगळ्यांसमोर तिला विचारत राहिलो. ती रडली. आठवड्याने कळलं की बेरीज आमचीच चुकली होती. आम्ही वही दुरुस्त केली. तिच्याशी बोलायचं मात्र राहून गेलं. म्हणजे चूक सांगायची नसते हे तिला आम्हीच शिकवलं होतं. ज्या सांध्यावर उद्या आम्ही सगळ्या बसणार होतो, त्यात ती शिकवण भरली गेली होती.

त्या दिवशी काकींनी नऊ जणींच्या वतीने तिची माफी मागितली. वर्षभर उशिरा, पण मागितली.

मग आम्ही दोन गोष्टी ठरवल्या. एक, गॅरेजात खिळ्याला वही टांगली. प्रत्येक मिश्रणाला नंबर. स्वयंपाकघरातल्या काट्यावर दोन्ही वजनं, वेळ, आणि दोघींची नावं. एक मोजणार, दुसरी मोठ्याने वाचणार. फोन आला तर मिश्रण टाकून द्यायचं, नवं करायचं. प्रत्येक मिश्रणाचा एक थेंब पुठ्ठ्यावर नंबर घालून ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी नखाने दाबून बघायचा. दुसरी गोष्ट, कुणी चूक सांगितली की पहिला प्रश्न "आता काय करायचं?" हा. "कुणी केलं?" हे विचारायचंच नाही, तिला सांगायचं असेल तर ती सांगेल.

एक मे उजाडला तेव्हा होडी गॅरेजातच होती. पुतण्या गाडी घेऊन आला. गाडी महिनाभर आंब्याखाली उभी राहिली, तिच्यावर चीक गळला. तो कुरकुरला, पण संध्याकाळी स्वतःच घासायला बसायचा.

पावसात राळेचं काम करत नाहीत, दमट हवेत ती नीट बसत नाही. ते दिवस आम्ही शिडाला दिले. डोलकाठी सुरूची, वखारीतून आणलेली. शीड शिकण्यापुरतं निळ्या ताडपत्रीचं. शीड म्हणजे सपाट चौकोन नव्हे. त्याला पोट लागतं, तरच वारा धरतो. ते पोट कडा किंचित बाहेर गोलाकार कापून येतं. कड काठीला सरळ बांधली की जादा कापड आत सरकतं आणि फुगतं. चोळीला टक्स घालतो त्यातलाच प्रकार. हे मामांपेक्षा आमच्या शिवणवाल्या बाईला आधी कळलं. कोपऱ्यांना चार पदरी ठिगळं, सगळीकडे दुहेरी शिवण.

होडीच्या पुढे आणि मागे बंद हवेच्या पेट्या केल्या, म्हणजे ती भरली तरी बुडणार नाही. नारळी पौर्णिमेला नारळ वाहिला, पण होडी पाण्यात घातली नाही. समुद्र शांत झालेला नव्हता.

दसऱ्याआधी चाचणी घेतली. जमिनीवरच होडीत कळशीने पाणी ओतलं आणि खाली वाकून बघितलं. पुन्हा केलेला लांब सांधा कोरडा ठाक. पण मधोमध, पाण्यात खाली सोडायच्या फळीची जी खोबण असते, तिच्या कडेला एक थेंब आला. मग दुसरा.

आणि लगेच एक आवाज आला, "ते माझं काम. कोपऱ्यात हात पोचत नव्हता, भरलं की नाही याची मला तेव्हाच शंका होती. वहीत लिहिलंय." दुसरी म्हणाली, "आता काय करायचं?" होडी उलटी केली, सुकवली, भरलं. दोन दिवस लागले. आदल्या सांध्याला अकरा लागले होते.

दसऱ्यानंतर होडी पाण्यात गेली. नऊ जणींनी उचलून नेली, बैलगाडी लागली नाही.

आता आम्ही वारा आणि पाणी बघून जातो. सकाळी जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा असतो, दुपारी समुद्राकडून खारा वारा येतो. आमच्या खाडीत पंचमी-षष्ठीच्या सुमारास पूर्ण ओहोटी सकाळी दहा-साडेदहाला होते. त्या दिवसांत ओहोटी आणि मतलई आम्हाला पट्ट्यावर नेतात, भरती आणि खारा वारा परत आणतात. पण भरती रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते, त्यामुळे हे सूत रोज जुळत नाही. जुळत नाही त्या दिवशी वल्ही मारतो, किंवा जात नाही. पट्ट्यावर असताना एक जण होडीपाशीच थांबते. पाणी वळलं की ती हाक मारते आणि टोपली अर्धी असली तरी आम्ही निघतो.

खर्च विचाराल म्हणून सांगतो. प्लाय १५,००० रुपये, राळ आणि काचेचं कापड १७,०००, लाकूड ५,०००, तार, रंग, हातमोजे आणि किरकोळ ४,०००, शीड आणि दोऱ्या ३,०००, चार जीवरक्षक जाकिटं ४,०००. एकूण ४८,०००. चौघींपेक्षा जास्त जणी होडीत बसत नाही, आणि जाकीट घातल्याशिवाय कुणीच बसत नाही. तुम्ही करणार असाल तर जाणत्या माणसाला सोबत घ्या, आणि होडी पाण्यात घालण्याआधी बंदर कार्यालयात आणि मत्स्यव्यवसाय खात्यात नोंदणीचं विचारून घ्या.

होडी सगळ्यांनाच लागते असं नाही. तुमच्या गटाची पापडाची भट्टी असेल, शेळ्या असतील, मसाल्याची गिरणी असेल. पण वही सगळ्यांकडे आहे. पुढच्या बैठकीत ती उघडाल तेव्हा एक करून बघा. मागे कधी कुणाला चुकीबद्दल सगळ्यांसमोर उभं केलं असेल, तर तिच्याशी आधी बोला.

गॅरेजातली आमची वही अजून त्याच खिळ्याला आहे. तिच्याशेजारी आता गाडी उभी असते, गणपतीत. बाकी वर्षभर तिथे आमची होडी.